एका माळेचा फोटो

उपकार मनात दाबून ठेवू नये, बोलून मोकळं व्हावं, असं माझी आई म्हणायची. म्हणून सांगून टाकते. मी ब्लाऊज शिवणारी बाई, दहावी पास, तेही दुसऱ्या दमात. लिहिणं माझं काम न्हाई. पण आमच्या मालकांबद्दल धर्माबादेत जो तो आपापल्या मनानं बोलतो, त्यापेक्षा मी सांगितलेलं काय वाईट? सत्तावीस वर्षं एका घरात काढली. भांडायला सुद्धा त्यांच्याशिवाय दुसरं कुणी धरलं न्हाई.

मालक म्हणजे शेषेराव. मोंढ्याच्या रस्त्याला ह्यांचा फोटो स्टुडिओ हाय. मिरचीचे दिवस आले की त्या रस्त्यानं माणूस ठसकत येतं अन् ठसकतच जातं. पासपोर्ट फोटोला बसलेल्याचे डोळे लाल, नाक लाल. हे म्हणतेत, "आधी रडून घ्या, मग काढतो." अर्धं गिऱ्हाईक तेलंगणातलं, त्यांना मराठी कळो ना कळो, म्हणून ह्यांनी एकच गोष्ट दोन भाषांत जोडून ठेवली होती. "हलू नका, कदलकंडी." मराठीत हलू नका, तेलुगूत कदलकंडी. नवरदेवाला तेच, कलेक्टर हापिसात अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्याला तेच, शाळेच्या ग्रुप फोटोतल्या साठ पोरांनाही तेच. पोरांनी ह्यांचं नावच कदलकंडी मामा ठेवलं. सगळ्या तालुक्याला ह्यांनी सत्तावीस वर्षं हलू दिलं न्हाई.

लग्नाचे फोटो काढावेत ते ह्यांनीच. अंतरपाट खाली होतो अन् नवरी मान वर करती, तो टायम एवढासा असतो. भटजी ओरडालले, अक्षता डोळ्यांत चालल्या, करवल्या पुढं घुसालल्या, अन् हे एका स्टुलावर एका पायानं उभं राहून, हात डोक्याच्या वर नेऊन फोटो घ्यायचे. कधी चुकला न्हाई. माझ्या माहेरचे म्हणायचे, शेषेरावाच्या हातात देव हाय. मला ऐकून बरं वाटायचं, पण ह्यांना तसं कळू दिलं न्हाई, आधीच लई भाव खायचे.

चार वर्षांखाली तो हात हलायला लागला. उजवा. आधी मला वाटलं, चहा जास्ती झाला. मग वाटलं, थकवा हाय. नांदेडला दाखवलं तर डॉक्टर म्हणले, कंपवात. गोळ्या कायमच्या, घाबरायचं काही न्हाई, जिवाला धोका न्हाई. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. हे मात्र बसमध्ये धर्माबादेपर्यंत उजवा हात डाव्या हातानं दाबून बसले. डॉक्टरांचं चुकलं न्हाई. पण ह्यांचा जीव हातातच होता, हे डॉक्टरांना कसं ठाऊक असणार?

त्याच साली निलंग्याचं एक लग्न होतं. घरी येऊन हे कॉम्प्युटरपुढं बसले. एकेक फोटो मोठा करून बघायचे अन् पुढं जायचे. चाळीस फोटो हललेले. अंतरपाटाचाही. नवरीला दोन दोन नाकं. ह्यांनी स्वतः होऊन नवरीच्या बापाला फोन लावला अन् खरं ते सांगितलं. तो माणूस लई भला. म्हणला, "पोरीचं लग्न तर झालं न्हवं, फोटोचं काय घेऊन बसलाव." पण हे घेऊनच बसले. त्यानंतर एक लग्न घेतलं न्हाई. स्टुडिओत झेरॉक्सची मशीन आणली, पासपोर्टचा कॅमेरा स्टँडला पक्का आवळून टाकला अन् उजवा हात पँटच्या खिशात घालून बसायला लागले. मोठा कॅमेरा माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवला. यंदा दिवाळीत एक दिवस जेवता जेवता म्हणले, "उदगीरचा शिवशंकर कॅमेरा मागालाय. चांगला फोटोग्राफर हाय, वापरील तरी. पुढच्या गुरुवारी येतो म्हणलाय."

मला एवढा राग आला की भाकरी जळाली. कॅमेरा गेला तर हे माणूस झेरॉक्सच्या मशीनसारखं होणार, कागद घ्यायचा, कागद काढायचा. मला तसला नवरा नको होता. पण बोलणार काय? हात हलतो ही गोष्ट आमच्या घरात कुणी तोंडानं बोलत नव्हतं. हलत्या हातासमोर बसून आमी पावसाचं बोलायचो.

आमची समीक्षा लातूरला फार्मसीला हाय. दिवाळीला आलती. तिनं भाऊबीजेच्या दिवशी बापाला मोबाईलवर एक फोटो दाखवला. कुठल्यातरी परदेशातला जुना लाकडी धक्का पाण्यात गेलेला, लांब धुरकट पूल, अन् मधलं पाणी सगळं दुधावरच्या सायीसारखं सपाट.

"बाबा, हा फोटो चार मिनिटांचा हाय," समीक्षा म्हणली.

"चार मिनिटांचा फोटो? फोटो म्हणजे डोळ्याची पापणी, पोरी. लवली की झालं."

"चार मिनिटं कॅमेरा उघडाच ठेवतेत. जे थांबलंय ते येतं, जे हलतं ते पुसून जातं. लाटा सगळ्या पुसून गेल्या, म्हणून पाणी असं दिसतंय. अन् ह्यात हाताला काही कामच न्हाई. स्टँडवर ठेवायचा, वायरचं बटन दाबायचं अन् लांब उभं राहायचं."

"मग फोटोग्राफर कशाला पायजे? शेळी बांधली तरी चालेल."

असं म्हणले खरं, पण जेवताना मोबाईल परत मागितला. अन् हात धुतल्यावर परत. मी वाढता वाढता सगळं बघत होते. शेवटी ते पोरीला म्हणले, "आपल्याकडं बी धक्का हाय की."

हाय. धर्माबादेपासून आठ किलोमीटरवर, गोदावरीच्या काठाला. पूल नव्हता तेव्हा नाव चालायची, ज्वारीची पोती, जनावरं, वऱ्हाडं सगळी तिथूनच पलीकडं जायची. त्या नावेसाठी काळ्या दगडाचा धक्का बांधलेला, पाण्यात वीस-पंचवीस पावलं आत गेलेला. आता तिथं फक्त म्हशी बसतेत. नवा पूल लांब खालच्या अंगाला दिसतो, काडेपेटीच्या काड्या मांडल्यागत.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, समीक्षा लातूरला गेली. ह्यांनी कपाटातून कॅमेरा काढला अन् माझ्याशी करार केला. "उद्यापासून पुढच्या गुरुवारपर्यंत सहा सकाळी हायत. एक फोटो बराबर आला, धक्क्याचा दगड अन् दगड साफ, पूल साफ, पाणी तेवढं साय, तर कॅमेरा ठेवतो. न्हाई आला तर शिवशंकरला देतो, अन् तू तोंड उघडायचं न्हाई."

"फोटोचं तुमचं तुमी बघा. तोंडाचं वचन मी देत न्हाई," मी म्हणलं.

दिवसाउजेडी कॅमेरा चार मिनिटं उघडा ठेवायचा तर समोर काळी काच पायजे, न्हाई तर सगळा फोटो पांढरा. ती काच लई महाग. हे गेले किशनकडं. किशनचं वेल्डिंगचं दुकान स्टुडिओच्या मागंच हाय. वेल्डिंग करताना तोंडापुढं धरतेत ती काळी काच त्यानं काढून दिली. म्हणला, "मामा, ह्यातून मी ठिणगी बघतो. तुमी नदी बघा. फुटली तर सांगा, दुसरी देतो." त्या काचेला मी ब्लाऊजच्या इलॅस्टिकनं कॅमेऱ्याच्या तोंडावर बांधलं. फोटो हिरवा यायला लागला, तर ह्यांनी कॅमेऱ्यातच काळं-पांढरं करून टाकलं. हे सगळं करताना चार वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या कपाळावर घाम आलेला बघितला. किशनचे उपकार मी फेडू शकत न्हाई. त्याच्या बायकोचे दोन ब्लाऊज फुकट शिवले, ते काही फेडणं न्हवं.

सकाळी साडेपाचला आमी निघायचो. स्कुटी मी चालवायची, हे मागं, मांडीवर स्टँड आडवं धरलेलं. कोपऱ्यावर शरणम्मा भाजीचं पाल लावत असायची. पहिल्याच दिवशी तिनं हटकलं, "काय सत्यशीलाबाई, सकाळी सकाळी मालकाला घेऊन, नवीन लग्न झालं का?"

"जुनंच हाय, दुरुस्तीला नेलालेय," मी म्हणलं. मागून हे हसले. हसण्यानं स्कुटी हलली ते मला कळलं.

बटन दाबायचं काम माझ्याकडं आलं. ह्यांचं बोट बटनावर ठरत नव्हतं, पण तसं आमी कुणी म्हणलं न्हाई. हे म्हणले, "मी समोर बघत असतो, बटन तू दाब." मी म्हणलं, बरं. दाबायचं, वायरचा खटका अडकवायचा, चार मिनिटं थांबायचं, खटका सोडायचा. पहिल्या दिवशी टायम बघायला मोबाईल हातात धरला. दोन मिनिटं झाली न्हाईत तर लातूरला पोचलेल्या समीक्षाचा फोन. मेसचं जेवण, मैत्रिणीची तब्येत, सगळं ऐकून झालं अन् आठवलं की कॅमेरा उघडाच हाय. अकरा मिनिटं. फोटो असा पांढरा आला की जसा काही निरम्यात घातलाय. ह्यांनी फक्त विचारलं, "तुझी जपाची माळ किती मिनिटांत होती?"

माझी रोज पहाटे एक माळ असती. मोजून बघितलं तर बराबर चार मिनिटं. मला आधी जिवावर आलं, देवाचं नाव फोटोसाठी घ्यायचं म्हणजे काय. मग म्हणलं, नाव ते नाव, काठावर घेतलं काय अन् देव्हाऱ्यापुढं घेतलं काय. दुसऱ्या दिवसापासून बटन दाबलं की मी डोळे मिटून माळ सुरू करायची. मेरुमणी बोटाला लागला की खटका सोडायचा.

पण ह्या माळेनं माझं पितळ उघडं पाडलं. शनिवारी फोटो काळा आला. हे कॅमेऱ्यात बघून म्हणले, "आज माळ पळाली. कुणावर चिडलीस?" मी म्हणलं, कुणावर न्हाई. खरं तर वाटेत ह्यांनी शिवशंकरला कॅमेऱ्याची बॅगही देऊन टाकू म्हणलं होतं, तेव्हापासून माझ्या डोक्यात जाळ होता. रविवारी समीक्षाला ताप आल्याचं कळलं, तर माळ रेंगाळली अन् फोटो पांढरा फटक. "आज काळजी," हे म्हणले. सत्तावीस वर्षांत ह्या माणसाला माझ्या तोंडाकडं बघून जे कळलं न्हाई, ते फोटोत कळायला लागलं. मला लाज वाटली, अन् खरं सांगू का, बरंबी वाटलं.

सोमवारी मी मन घट्ट केलं. ना राग ना काळजी, एकेक मणी सारखा. फोटोचा उजेड अगदी पायजे तसा आला. हे खूश झाले अन् बटन दाबून फोटो मोठा करून बघितला. लांबचा पूल डबल. एका पुलाला चिकटून दुसरा पूल, अन् धक्क्याच्या दगडांना कडाच न्हाईत.

"गाळ," हे म्हणले. "स्टँड गाळात खचलं." मंगळवारी स्टँडच्या तिन्ही पायांखाली चपटे दगड घातले अन् मधे वाळूची पिशवी टांगली. परत डबल. मग म्हणले, वारा. वारं एवढंसं सुद्धा नव्हतं, म्हशीच्या शेपटीवरची माशी उठत नव्हती. मग म्हणले, किशनची काचच वाकडी. घरी जाऊन किशनला दोन शब्द सुनावले. त्या बिचाऱ्यानं निमूट दुसरी काच दिली. आमी नाष्टा करून दहा वाजता, ऊन चढलेलं असताना, परत धक्क्यावर गेलो. ऊन जास्ती, तर टायम कमी पायजे, असं हे म्हणले, म्हणून अर्धीच माळ घेतली.

त्या अर्ध्या माळेत माझ्या पायापाशी म्हैस आली. मी दचकून डोळे उघडले. अन् बघितलं.

ह्यांचा उजवा हात स्टँडवर होता. सत्तावीस वर्षांची सवय. फोटो चालू असताना फोटोग्राफर आपल्या कॅमेऱ्याला सोडून उभा कसा राहील? ह्यांचं ध्यान समोर नदीकडं, अन् हात आपोआप स्टँडच्या डोक्यावर गेलेला, माया केल्यागत. बोटं हलत होती, अन् त्या बोटांखाली स्टँड, स्टँडवर कॅमेरा. गाळ न्हाई, वारा न्हाई, किशनची काच तर बिलकुल न्हाई.

मी डोळे परत मिटले. मणी किती झाले ते विसरले. फोटो काळा आला अन् डबलही आला. हे उन्हात कॅमेऱ्यावर रुमाल धरून बघत राहिले अन् मग माझ्यावरच उखडले. "तुझ्या माळेनं घात केला. एक काम सांगितलं तर ते बी धड न्हाई."

माझ्या जिभेवर आलं होतं, अन् तुमच्या हातानं काय केलं? अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी कशी बाई हाय हे सगळ्या गल्लीला ठाऊक हाय, सासूला सुद्धा मी उसनं ठेवलं न्हाई. पण ते शब्द मी गिळले. बोलले असते तर हातही जागेवर येता अन् फोटोही बराबर येता, फक्त हे परत कधी काठावर आले नसते. मी म्हणलं, "हो, माझंच चुकलं." हे माझ्याकडं बघतच राहिले. तसं मी कधी म्हणत न्हाई.

दुपारभर मशीनवर बसून मी एकच विचार करत राहिले. हात स्टँडवरून काढायचा कसा, न बोलता? लांब उभं राहा म्हणावं तर कारण विचारणार. हात खिशात घाला म्हणावं तर ते मरणापेक्षा वाईट. फॉल पिको करता करता दोनदा सुई बोटात गेली. सुचलं ते दिवे लावताना सुचलं, देव्हाऱ्यापुढं.

बुधवारी शेवटची सकाळ. काठावर धुकं होतं, पूल जेमतेम दिसत होता. ह्यांनी स्टँड लावलं, काच बांधली, समोरचं नीट बघून घेतलं. मी वायर हातात घेतली अन् माळेची पिशवी ह्यांच्यापुढं धरली.

"माळ तुमी ओढा आज. माझ्या हाताला चालत न्हाई."

बाईनं असं म्हणलं की आमच्याकडं पुरुष माणूस पुढचा सवाल करत न्हाई. अडचण म्हणजे अडचण, चार दिवस माळेला हात लावायचा न्हाई. हे एक क्षण थांबले. मग म्हणले, "बरं."

"अन् इथं शेणात उभं राहून न्हाई. चपला काढा. तिथं धक्क्यावर दगड स्वच्छ हाय, तिथं बसून ओढा. मेरुमणी आला की मला आवाज द्या, मी खटका सोडते."

हे चपला काढून निघाले. धक्क्यावर दहा-बारा पावलं जाऊन बसले, मग वळून म्हणले, "अगं, मी फोटोत येलालोय की."

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला फक्त त्यांना स्टँडपासून लांब न्यायचं होतं, धक्का म्हणजेच फोटो हे विसरूनच गेले. पण धुकं उठायला लागलं होतं, सूर्य वर येलालता, थांबायला टायम नव्हता. स्टुडिओत मी ह्यांच्या शेजारी सत्तावीस वर्षं उभी राहिलेली, तोंडाला जे वळण होतं तेच बाहेर पडलं.

"येऊ द्या की. हलू नका म्हणजे झालं. कदलकंडी."

बोलले अन् जीभ चावली. ज्या माणसाचा हात चार वर्षं थांबत न्हाई, त्याला मी हलू नका म्हणलं. चार वर्षं घरात जो शब्द कुणी काढला न्हाई, तो मी नदीच्या काठावर ओरडून सांगितला. ह्यांनी नदीकडं तोंड करून मांडी घातली, माळ उजव्या हातात घेऊन हात गुडघ्याच्या बाहेर टेकवला. मी बटन दाबलं.

मी डोळे मिटले न्हाईत. ह्यांच्या हाताकडं बघत राहिले. अंगठा अन् पहिलं बोट हलत होते, एकावर एक घासत, अन् त्यांच्यामधून मणी एकेक पुढं सरकत होता. मला तेव्हा उमगलं, की चार वर्षं ही दोन बोटं हेच करत होती. रिकाम्या हातानं माळ ओढत होती. डॉक्टरांनी ह्याला रोग म्हणलं ते खरंच हाय, मी काही डॉक्टरापेक्षा शहाणी न्हाई. पण मला रडू आलं. चार वर्षं मी ह्या हाताकडं बघायचंच टाळलं होतं.

"झाली," ह्यांनी आवाज दिला. मी खटका सोडला.

हे आले, चपला घातल्या, कॅमेऱ्यापुढं वाकले. मी शेजारी उभी राहिले. फोटो उघडला. धक्क्याचा दगड अन् दगड साफ. दगडांमधलं गवत सुद्धा. लांबचा पूल एकच, त्याच्या एकेक खांबासकट. पाणी असं, की जसं काही कुणी मलमलचं कापड अंथरलंय. अन् धक्क्यावर आमचे मालक पाठमोरे बसलेले, शर्टाची बाही, कॉलर, टोपी, सगळं बराबर. ह्यांनी फोटो मोठा केला. उजव्या हाताच्या जागी हात नव्हता. मनगटापासून पुढं पांढरट वाफेसारखं काहीतरी, ते खालच्या पाण्यात मिसळून गेलेलं.

हे लई वेळ बघत राहिले. एवढा वेळ की मला वाटलं, संपलं. मी हळूच म्हणलं, "खराब झाला का?"

"काय खराब?"

"हात हललाय."

चार वर्षांत आमच्या दोघांत तो शब्द पहिल्यांदा असा सरळ बोलला गेला. ह्यांनी मान वर केली, नदीकडं बघितलं.

"नदी बी हललीच की," हे म्हणले. "तिचा फोटो खराब म्हणतेत का?"

मग ह्यांनी खिशातून मोबाईल काढला, उजव्या हातानंच, अन् तिथूनच शिवशंकरला लावला. तो पोरगा आदबीनं बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं. "उद्या सकाळच्या गाडीनं निघतो, काका."

"येऊ नको रे. म्हणजे चहाला ये, कॅमेऱ्याला नको. कॅमेरा न्हाई द्यायचा."

"हात बरा झाला का काका?"

"न्हाई," हे म्हणले. "हात हाय तसाच हाय."

मी तोंड फिरवलं. त्या टायमाला मला कुणाकुणाचे उपकार आठवले म्हणून सांगू. लातूरला तापात पडलेल्या पोरीचे, किशनच्या दोन्ही काचांचे, निलंग्याच्या त्या भल्या बापाचे, ज्या म्हशीनं मला डोळे उघडायला लावले तिचे सुद्धा. मी नदीला हात जोडले. दुसरं काय करणार होते?

स्टँड मिटवून झालं. वाळूची पिशवी रिकामी केली. मी स्कुटीकडं चालले तर हे मागून म्हणले, "सत्यशीला."

"काय?"

"तुझी ती अडचण तर दोन वर्षांखालीच बंद झाली की."

मी जागेवर थांबले. म्हणजे माळ हातात घेतली तेव्हाच ह्यांना कळलं होतं. का दिली, कशापासून लांब नेलं, सगळं. कळूनही चपला काढल्या अन् जाऊन बसले. 

आमच्याकडं बायको चारचौघांत नवऱ्याचा हात धरत न्हाई. लग्नात धरते तेवढाच. पण मी मागं फिरले अन् म्हशी हाकणाऱ्या माणसांसमोर ह्यांचा उजवा हात धरला. तो हलत होता. मी हलू दिला.